सर पॅट्रिक स्पेन्स: तीच ओळ पुन्हा येते तेव्हा

स्कॉटलंडच्या पारंपरिक बॅलडची, म्हणजे गाऊन सांगायच्या कथागीताची, बांधणी वरवर पाहता फार साधी असते. चार ओळींचे कडवे, पहिल्या-तिसऱ्या ओळीत चार आघात, म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा, दुसऱ्या-चौथीत तीन, आणि यमक फक्त दुसऱ्या-चौथीचे. तिथे अक्षरे मोजत नाहीत. आघात सांभाळले की मधल्या अक्षरांना मोकळीक असते. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग ऐकत वाढलेल्या आम्हा परभणीकडच्या लोकांना हे फार परके वाटू नये, कारण मोठ्या अभंगातही सहा-सहा अक्षरांच्या तीन चरणांनंतर चौथा चरण चार अक्षरांवरच थांबतो आणि पुढची जागा टाळ भरून काढतात. बॅलडमध्ये आखूड ओळीनंतर एका आघाताएवढी विश्रांती येते आणि ऐकलेले मनात उतरायला तेवढी उसंत मिळते.

माझे मन मात्र पुनरावृत्तीपाशी अडते. जुनी गीते जमवणाऱ्या थॉमस पर्सी यांनी १७६५ मध्ये छापलेल्या ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ या बॅलडमध्ये सर पॅट्रिकचे जहाज उमरावांसह बुडते, पण त्या बुडण्याचे वर्णनच नाही. उमरावांना आपले बूट भिजवायचे जिवावर आले होते, एवढे सांगून त्याच कडव्यात त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगताना दाखवल्या आहेत. त्यानंतरची दोन कडवी एकाच साच्यातली आहेत. पहिल्यात हातात पंखे घेतलेल्या बायका फार फार काळ बसून राहतील, जहाज किनाऱ्याला येईपर्यंत. दुसऱ्यात केसांत सोन्याचे कंगवे खोवलेल्या त्याच बायका फार फार काळ उभ्या राहतील, कारण त्यांचे धनी त्यांना पुन्हा दिसणार नाहीत. बसण्याचे उभे राहणे झाले, पंख्याच्या जागी कंगवा आला, आणि तेवढ्या फरकात पहिल्या कडव्याने ठेवलेली पुसट आशा संपली. सारे शब्द बदलले असते तर हा घाव इतका खोल गेला नसता.

आपल्याकडे जात्यावर ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ अशी मालिका चालते. तिथे पालुपद एकेका देवाला, एकेका नात्याला जागा करून देते. कथा पुढे नेण्याचे काम त्याच्याकडे नसते. बॅलडमध्ये ते काम पालुपदालाही करावे लागते. ‘लॉर्ड रँडल’ या दुसऱ्या बॅलडमध्ये आई विचारत राहते, मुलगा शिकारीने दमलो म्हणून अंथरूण घालायला सांगत राहतो, आणि शेवटी त्याच ओळीत दमण्याच्या जागी काळजातली कळ येते; विषप्रयोग झाल्याचे तोवर उघड झालेले असते.

यमकाच्या बाबतीत मात्र ही गीते सैल आहेत. स्पेन्सच्या अखेरच्या कडव्यात ‘डीप’ला ‘फीट’ जुळवले आहे. जुळतो तो फक्त स्वर, पण गाताना तो लांबवला जातो, त्यामुळे कानाला काहीच खटकत नाही.