सायकलच्या घंटीचं निकेल: व्हिनेगरमधले दहा दिवस

बाबांच्या सायकलची घंटी आणि ब्रेकचा दांडा पुन्हा चमकवायचाय. त्याआधी पोलादाच्या तीन पट्ट्यांवर निकेल चढवून बघितलं. हाताचा घाम खारट आणि किंचित आंबट, म्हणून पट्ट्या मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये अर्ध्या बुडवून ठेवल्या. कारखान्यांतही मिठाच्या पाण्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड मिसळून त्याचा फवारा मारून मुलामा तपासतात.

बाथ, म्हणजे वीज सोडून मुलामा चढवायचं द्रावण, निकेलसाठी नेहमी वापरतात तेच, वॉट्सचं: लिटरला 250 ग्रॅम निकेल सल्फेट, 45 ग्रॅम निकेल क्लोराइड, 35 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, तापमान 50 अंश. चौरस डेसिमीटरला 2 अँपिअर करंट दिला की तासाभरात साधारण 24 मायक्रॉन चढतं. पहिली पट्टी 15 मिनिटं ठेवली, दुसरी 30, तिसरी पूर्ण तास.

दिवस 2: पहिलीवर द्रवाच्या रेषेलगत तपकिरी ठिपके. तिथे हवा आणि द्रव दोन्ही मिळतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच होणार हे अपेक्षित होतं.

दिवस 5: दुसरी स्वच्छ. तिसरीच्या कडेला मात्र फोड आला! नखाने हलकं दाबलं तर निकेल पापुद्र्यासारखं उचललं गेलं, वरून अजून आरशासारखं लख्ख, आणि खाली काळा चिखल. ही सगळ्यात जाड पट्टी होती. आठवून पाहिलं, तर ग्रीस काढल्यावर तीच कड मी हातमोज्याविना धरली होती आणि पुन्हा न धुता बाथमध्ये सोडली होती.

जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. निकेलचं उलटं आहे. ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील, त्यामुळे आम्लात बारीकसं छिद्र सापडलं की सगळा मार त्या टाचणीच्या टोकाएवढ्या पोलादावर येतो. भोवतीचं निकेल शाबूत राहतं आणि खालचं लोखंड पोखरत जातं. म्हणून नुसती जाडी वाढवून भागत नाही, मुलामा सलग आणि घट्ट हवा.

दिवस 10: दुसरीवर एकच ठिपका, तोही भिंगातूनच दिसणारा. 12 मायक्रॉनची ही पट्टी मी एमरी पेपरने सर्वांत बारीक घासली होती. शेवटच्या धुण्यात पाण्याचा पडदा कुठेही न फुटता तिच्यावर पसरला होता, म्हणजे ग्रीसचा अंश उरला नव्हता. आता ही पाण्याची चाचणी मी एकदाही चुकवणार नाही.

तांब्याचा खालचा थर अजून बाकी आहे. पोलाद थेट मोरचुदाच्या बाथमध्ये घातलं तर तांबं आपोआप चढतं, पण धरत नाही, पुसलं की निघतं. त्यामुळे आधी निकेलचा पातळ हात, मग तांबं, मग वरचं निकेल, असा क्रम ठेवणार आहे.

निकेलचे क्षार विषारी आहेत. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यातच. धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका. मी ते कॅनमध्ये साठवतोय. आणि घरच्या बाथमधून जेवणाची भांडी कधीच काढू नका.

रविवारी घंटीची वाटी घासायला घेतो.