टाके निघाल्यानंतरचे आजारपण

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे टाके निघाले आणि तो हिंडू-फिरू लागला, की तो बरा झाला असे आपल्याकडे सगळेच धरून चालतात. माझे थोरले बंधू मोटरसायकलवरून पडले, त्यानंतर गल्लीतला जो तो त्यांना "आता बरे दिसताय की!" असेच म्हणत आला आहे. रुग्णालयातून सोडताना त्यांचा ग्लासगो कोमा स्केलवरचा गुणांक 15 पैकी 15 होता. 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडलेली ही मोजपट्टी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल एवढेच पाहते. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे तिच्यावरून कळते, तो पूर्वीसारखे काम पेलू शकेल का हे मात्र कळत नाही.

दादा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. शेतकऱ्याची पट्टी करायची म्हणजे रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) वजन आणि दर यांवरून रक्कम काढून त्यातून हमाली, तोलाई वजा करायची. हे सारे ते पूर्वी तोंडी करत. आजही शांत खोलीत बसवले तर त्यांची पट्टी बिनचूक येते. सौदा चालू असताना मात्र एकीकडे दराचा पुकारा, दुसरीकडे हमालांची हाकाटी आणि त्यातच कोणी उचल मागायला आले, की धरलेला आकडा सुटतो आणि सगळी बेरीज पहिल्यापासून करावी लागते. दुपारपर्यंत ते इतके थकतात की साध्या प्रश्नालाही उत्तर सुचत नाही. याला आळस म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वेगात असलेले डोके एकाएकी थांबते तेव्हा कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर मेंदूचा पुढचा भाग घासतो आणि मेंदूतले लांब, बारीक तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाची मोड दिसते, पण हे ताणलेले तंतू बहुधा दिसत नाहीत, म्हणून अहवाल चांगला येऊनही विचारांचा वेग, एकाग्रता आणि आपण होऊन काम हाती घेण्याची वृत्ती कमी झालेली असू शकते. वासाचे नाजूक तंतूही तिथूनच जातात आणि अशा मारात तुटू शकतात. ताज्या गुळाची ढेप फोडली तरी दादांना आता वास येत नाही.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे ती मंदावते, तरी वर्षा-दोन वर्षांनंतरही थोडी थोडी होत राहते. त्यामुळे कामावर परत पाठवण्याआधी स्मरणशक्ती, लक्ष आणि वेग यांची न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून द्या, असे घरच्यांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. दादांची ती चाचणी झाल्यावर अडतीच्या मालकांनी त्यांना सौद्यातून मोकळे केले. आता सौदा उरकल्यावर ते आतल्या खोलीत पट्ट्या करतात आणि प्रत्येक आकडा आधी वहीत उतरवून मगच पुढे जातात.