शेवटची गाडी आणि पहिली गाडी

टोकियो रात्रभर जागे असते, हे अर्धेच खरे. शहर जागते, पण त्याची रेल्वे झोपते, तीही घड्याळ लावून. रात्री साडेबारा-एकच्या सुमारास शिंजुकूहून शेवटच्या गाड्या सुटतात आणि मग पहाटे साडेचारच्या आसपासपर्यंत रुळांवर सामसूम. करोनापूर्वी इथून दिवसाला सरासरी ३५ लाखांच्या आसपास माणसे ये-जा करत. जगातले सर्वांत गजबजलेले स्टेशन म्हणून गिनीजच्या नोंदींत त्याचे नाव आहे, आणि बाहेर पडायला वाटा दोनशेहून अधिक. अशा स्टेशनाची शटरं खाली ओढली जातात, तेव्हा ज्यांची गाडी चुकली त्यांचे काय होते? माझ्या मते शिंजुकूची निम्मी रंगत या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

माझा भाचा टोकियोच्या पूर्वेला, फुनाबोरीला राहतो. एदोगावा वॉर्डात आपली माणसे बरीच. निशी-कासाईच्या दुकानांत तुरीची डाळ मिळते, आणि २०१९ साली तिथल्या वॉर्ड सभेवर आपला अंबरनाथचा योगेंद्र पुराणिक निवडूनही आला. फुनाबोरीहून शिंजुकूला थेट भुयारी गाडी आहे. भाच्याने निघतानाच फोनवर शेवटच्या गाडीची वेळ दाखवली आणि म्हणाला, "मावशी, एवढी वेळ पाठ कर. बाकी हरवलीस तरी चालेल." मुंबईत शेवटची कर्जत पकडायला लग्नाच्या पंगतीतून हात न धुता उठलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे विषय ओळखीचा होता. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या गाडीने घरी जायचे असते. इथे ती गाडी सोडायची की पकडायची, यावर मंडळी दहा वाजल्यापासून विचार करत बसलेली असतात.

दिवसाचे शिंजुकू लवकर उरकते. पश्चिमेला महानगर सरकारची दोन शिंगांची इमारत आहे, केंझो तांगे या वास्तुकाराने उभारलेली. २०२ मीटर उंचीवरच्या तिच्या सज्ज्यात फुकट जाता येते आणि थंडीतल्या स्वच्छ सकाळी फुजी दिसतो. आम्हाला दिसले ढग. दक्षिणेला शिंजुकू ग्योएन, एके काळची बादशाही बाग, १९४९ पासून सर्वांना खुली. पाचशे येन मोजून आत गेले की चेरीच्या झाडांखाली डबे उघडून बसलेली कुटुंबे. बागेत दारू आणायला मनाई आहे. जिथे पावलापावलावर बार, त्या वस्तीच्या मधोमध हा एवढाच सक्तीचा उपवास.

जेवायला मी हट्टाने नाकामुराया गाठले. त्यामागची गोष्टच तशी आहे. लॉर्ड हार्डिंग्जवरच्या बॉम्बहल्ल्यानंतर ब्रिटिशांना हवे असलेले रासबिहारी बोस १९१५ साली जपानला आले. ब्रिटिशांच्या दबावामुळे जपान सरकारने त्यांना देश सोडायला सांगितले, तेव्हा शिंजुकूतल्या या बेकरीच्या मालकांनी, सोमा पती-पत्नींनी, त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवले. पुढे त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोसांचे लग्न झाले. ती फार लवकर गेली. १९२७ साली नाकामुरायाने खाण्याचे दालन उघडले, तेव्हा बोसांच्या आग्रहाने तिथे हिंदुस्थानी पद्धतीची करी आली. ती अजून मिळते, हाडासकट कोंबडी घातलेली, रश्श्याचे भांडे वेगळे आणि भात वेगळा. चवीला ती आपली नाही आणि जपानीही नाही. शेजारच्या टेबलावर दोन आजीबाई ती अशा निवांतपणे खात होत्या, जणू ती त्यांच्याच आजोळची. मला ते फार आवडले.

अंधार पडला की माणसांचा लोंढा पूर्वेकडे वळतो, काबुकिचोकडे. युद्धात बेचिराख झालेल्या या भागात काबुकी नाटकाचे थिएटर बांधायचे ठरले, म्हणून १९४८ मध्ये हे नाव दिले. थिएटर झालेच नाही. आज तिथे एका इमारतीच्या गच्चीवरून गॉडझिलाचे डोके खाली बघते, त्याखाली केस रंगवलेल्या 'होस्ट' तरुणांचे, म्हणजे क्लबात बायकांशी गप्पा मारून त्यांना रिझवणाऱ्यांचे, दुमजली फोटो असतात आणि लाऊडस्पीकरवरून सूचना चालू असते, की रस्त्यावर बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, लुबाडले जाल. सूचना सुरू असताना बोलावणारे तिथेच उभे असतात. त्यांना तिचे काही वाटत नाही.

पण मला रमवले ते गल्ल्यांनी. स्टेशनाला खेटून ओमोइदे योकोचो आहे. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उरलेली ही बोळ इतकी अरुंद, की समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरायचे. कोळशावर कोंबडीच्या सळया, काळीज, आतडी. धूर थेट केसांत. शाकाहारी माणसाचे इथे हाल आहेत, कारण निरागस दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. मी मिठातल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा सोलत बसले आणि भाचा माझ्या वाटचेही खात राहिला. बसताक्षणी न मागता एक वाटी पुढे येते, तिला 'ओतोशी' म्हणतात. ती बिलात लागते. तक्रार करायची नाही, ते बसायचे भाडे समजायचे. टीप मात्र कोणी घेत नाही. ठेवलीत तर 'पैसे विसरलात' म्हणून मागे धावत येतील.

गोल्डन गाई त्याहून विलक्षण. सहा बोळांमध्ये दोनशेहून जास्त बार, एकेकात पाच-सहा ते आठ-दहा खुर्च्या. वर जायचा जिना शिडीपेक्षा जरा बरा. ऐंशीच्या दशकात जमिनीचे भाव आभाळाला भिडले तेव्हा बिल्डरांना ही जागा हवी होती. आजूबाजूला आगी लागू लागल्या, आणि बारवाल्यांनी रात्रीचे पहारे देऊन आपली लाकडी खुराडी वाचवली. काही दारांवर 'फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी' अशी पाटी असते. आधी राग येतो. मग आत डोकावून पाहिले की कळते, सहा खुर्च्यांतली एक जरी तुम्हाला दिली तर नेहमीचा एक माणूस बाहेर राहणार. फळीवर व्हिस्कीच्या बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात ती विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. उरलेली पुढच्या वेळी प्यायची.

आम्ही शिरलो तिथे काउंटरमागे एक साठीतल्या बाई होत्या, सगळे त्यांना 'मामा' म्हणत होते; आपला मामा नव्हे, बारच्या मालकिणीला इथे असेच म्हणतात. मी उसाचा रस पिणारी बाई; माझ्यापुढे ऊलाँग चहा आला आणि कोणी भुवईसुद्धा उचलली नाही. अकरा-साडेअकरानंतर खोलीतली हवा बदलते. कोणी घड्याळ पाहत नाही, पण सगळ्यांना वेळ ठाऊक असते. एक जण चटकन उठतो, पैसे ठेवतो, सतरा वेळा वाकतो आणि पळतो. एक अर्धवट उठतो, ग्लास बघतो, पुन्हा बसतो. त्या पुन्हा बसण्यात जो सुटकेचा श्वास असतो, तो पाहण्यासारखा. आता घरी जाणे त्याच्या हातात नाही! बायकोला सांगायला कारणही सरकारी आहे.

मागे राहिलेल्यांसाठी पूर्ण व्यवस्था आहे. कॅराओकेवाले रात्रीपासून पहाटेपर्यंतची खोली ठोक भावात देतात. मांगा कॅफेत कप्पा मिळतो. त्यात खुर्ची, कॉम्प्युटर, आंघोळीची सोय आणि भिंतभर चित्रकथा. झोपण्यापुरत्या खोक्यांचे कॅप्सूल हॉटेल आहेच. रामेनची, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सची, दुकाने तीन वाजताही वाफाळतात; दारातल्या यंत्रात नाणी टाकून कुपन काढायचे, बोलायचे कष्टही नाहीत. टॅक्सी मिळते, पण रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जादा. फुनाबोरीपर्यंत सात-आठ हजार येन सहज जातील, म्हणून भाच्याच्या ऑफिसातले तरुण टॅक्सीच्या पैशांत अख्खी रात्र गातात.

मी भाच्याला विचारले, इतके शहाणे लोक, मग रात्रभर गाड्या का चालवत नाहीत? रात्री रुळांची डागडुजी करावी लागते, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे जास्त मजेशीर. २०१३ च्या डिसेंबरात टोकियो सरकारने शिबुया ते रोप्पोंगी अशी रात्रभराची बस आठवड्यातून एक रात्र चालवून पाहिली. वर्षही झाले नाही तोवर बंद करावी लागली. बसायला माणसेच नव्हती.

"म्हणजे लोकांना घरी जायचेच नसते," मी म्हणाले.

"मावशी, जायचे असते. पण गाडी नाही म्हणून राहिलो, असे म्हणायचे असते. बस असली की ते म्हणता येत नाही." एवढे बोलून त्याने घड्याळ पाहिले आणि मला जवळजवळ ओढतच स्टेशनाकडे नेले. त्याला दुसऱ्या दिवशी नऊची मीटिंग होती.