तुम्ही विचारलंत म्हणून: माशाच्या मेंदूत काय ठेवलंय

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला, "म्हणजे नक्की करता काय तुम्ही?" आणि माझं उत्तर अर्ध्यावर आलं की "पण माशाच्या मेंदूचा माणसाला काय उपयोग?" पंधरा वर्षं हेच. आधी हसून टाळायचे, मग अल्झायमर, ऑटिझम असे शब्द टाकायला लागले, समोरचा लगेच गप्प. ग्रँटच्या अर्जातही शेवटच्या पॅराला ते शब्द असतातच, पोट आहे.

काम एवढंच की डोळ्यातून निघालेली नस मेंदूत बरोब्बर तिच्याच जागी कशी जाते ते बघायचं. रॉजर स्पेरी नावाच्या शास्त्रज्ञाने 1940च्या दशकात बेडकाची ही नस कापून डोळाच उलटा फिरवला. नस परत वाढली आणि गेली जुन्याच पत्त्यावर, त्यामुळे वर माशी दिसली की बेडूक झेपावणार खाली, आणि ते काही केल्या सुधारलं नाही. मी झेब्राफिश घेतला (अक्वेरियमच्या दुकानात मिळतो तोच) कारण त्याचं पिल्लू काचेसारखं असतं, नस वाढताना जिवंत दिसते, टोकाला बारीक बोटं फुटतात, ती चाचपतात, मागे येतात, परत पुढे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जेवायचं राहून गेलं होतं माझं.

उपयोगच हवा असेल तर ह्यूबेल आणि वीझल, 1981चं नोबेल. मांजराच्या पिल्लाची एक पापणी शिवून ठेवली, नंतर उघडली तर डोळा धडधाकट, पण मेंदू त्या डोळ्याला दाद देईना. बाळाला जन्मतः मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनची घाई का करतात, ते कळलं यातूनच. मांजरं त्यांची, श्रेय मी खाते.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते वेगळंच. पीएचडीत मी एक जीन बंद करून बघत होते. सकाळी लाइट लागला की मासे अंडी घालतात, पहिल्या पाऊण तासात अंड्यांना ती जीन बंद करणारी इंजेक्शनं द्यायची, मग इन्क्युबेटर, 28.5 डिग्री. अठ्ठेचाळीस तासांनी साध्या पिल्लांची नस मेंदूत पोचलेली असायची, इंजेक्शनवाल्यांची सात-आठ तास मागे. दोन वर्षं हेच आलं. परिषदेत पोस्टर झालं, बक्षीस मिळालं, आईने पेढे वाटले.

मग एकदा इन्क्युबेटरची वरची फळी दुसऱ्या कुणी अडवली म्हणून सगळ्या डिश खाली ठेवल्या, आणि फरक गायब. मी वहीत लिहिलं, "इंजेक्शन फेल". हे असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी तेच लिहिलं, त्याच निळ्या पेनाने, अक्षरसुद्धा व्यवस्थित. चौथ्यांदा थर्मामीटर ठेवला. वर 28.5, खाली 26. गारठ्यात पिल्लं हळू वाढतात हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकतो. इंजेक्शनं देऊन होईपर्यंत वरची फळी साध्या डिशनी भरलेली असायची, म्हणून माझ्या डिश कायम खाली. जीन वगैरे काही नाही हो, फळी.

गाइडना सांगायला मला एकोणीस दिवस लागले. मशीन लॅबचं, कुणी तपासलं नव्हतं, मी एकटीच का जबाबदार, हे तेव्हाही म्हणायचे आणि अजूनही थोडं म्हणते. पण "इंजेक्शन फेल" हे माझंच अक्षर आहे. तेव्हाची मी म्हणेल, अगं, वाईट प्रयोग सगळेच टाकतात. टाकतात, खरंय. नको असलेलेच बरोबर वाईट कसे निघतात, यावर तिच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

सगळं एकाच फळीवर ठेवून परत केलं, त्यात एक वर्ष गेलं. फरक उरला तासाभराचा. तो खरा आहे की तीन वर्षं घालवलेल्या पोरीला दिसतोय म्हणून आहे, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात नवीन पिल्लांवर परत मोजतेय. थर्मामीटर आता प्रत्येक फळीवर आहे.