कर्ता कुठाय?

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त स्मरणिका प्रकाशित करण्यात येत असून, आपण आपले मनोगत पाठवावे अशी विनंती करण्यात येत आहे.’ वाचून हसूच आलं. मराठीच्या बाईंच्या हाती हे पत्र पडलं असतं तर समासात तांबड्या पेन्सिलीने दोन शब्द उमटले असते, ‘कर्ता कुठाय?’ कोण प्रकाशित करतंय, कोण विनंती करतंय, सगळं गुलदस्त्यात. समितीतले निम्मे लोक बाईंच्याच हाताखालून गेलेत, म्हणून हक्काने लिहितोय. राग मानू नये.

मनोगत पाचशे शब्दांत हवं, असंही पत्रात आहे. ते काही जमायचं नाही. खरं तर सगळ्याच गुरुजनांबद्दल लिहायला हवं. गणिताच्या सरांनी माझ्यावर घेतलेली मेहनत, पी.टी.च्या सरांची शिट्टी, शिपाईमामांचा तो घंटेचा रूळ. पण लिहायला बसलो की बाईच समोर येऊन उभ्या राहतात. बाकीच्यांनी माफ करावं.

इतर शिक्षिकांना आपण आडनाव जोडून बाई म्हणायचो. नुसत्या ‘बाई’ म्हणजे मराठीच्या, हे जुन्यांना सांगायला नको. छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही. खडूचा तुकडा मात्र अचूक नेम धरून मारायच्या, तोही फक्त जांभई देणाऱ्याला.

आपलं गाव अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकची हद्द सायकलवरून गाठता येईल असं. वर्गातली बरीच मुलं घरी कन्नड बोलणारी, उरलेली आपली सोलापुरी. ‘काय करलालास बे?’ ‘मी अभ्यास केलो.’ ‘मी भाकरी खाल्लो.’ वरच्या भागातून बदलून आलेले शिक्षक हे ऐकून कपाळाला हात लावायचे. ‘केलो नाही रे, केला! अभ्यास केला!’ मग आम्ही त्यांच्यासमोर ‘केला’ म्हणायचो आणि मैदानावर गेलो की पुन्हा ‘केलो’. का चुकतंय ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं चुकतंय एवढंच सांगितलं होतं.

आठवीत बाईंनी व्याकरणातले प्रयोग शिकवायला घेतले ते आमच्या डब्यांपासून. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. ‘काय काय खाल्लंत?’ मी भाकरी खाल्लो. मी भात खाल्लो. मी पिठलं खाल्लो. बाईंनी तिन्ही वाक्यं फळ्याच्या डाव्या बाजूला जशीच्या तशी लिहिली. उजव्या बाजूला पुस्तकी भाषेतली तीन: मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला, मी पिठले खाल्ले. ‘आता नुसती क्रियापदं बघा. उजवीकडचं क्रियापद कुणाकडे बघून बदलतंय?’ भाकरीकडे. भाताकडे. पिठल्याकडे. ‘आणि डावीकडचं?’ थोडा वेळ शांतता, मग एकदम गलका, ‘माझ्याकडे, बाई!’ ‘मग उजवीकडचा कर्मणी, डावीकडचा कर्तरी. संपलं.’

संपलं नव्हतंच. बाईंनी कन्नड बोलणाऱ्या मुलींना उभं केलं. ‘मी केलं, हे घरी कसं म्हणता?’ ‘नानु माडिदे.’ ‘आणि तिने केलं?’ ‘अवळु माडिदळु.’ तिथे क्रियापद करणाऱ्याकडेच बघतं. काय केलं, भाकरी केली की भात केला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नाही, सगळं एकजात नपुंसकलिंगी. मराठीत मात्र भाकरी ती, भात तो आणि पिठलं ते, हे ठाऊक असल्याशिवाय भूतकाळात धड जेवताही येत नाही. ‘खाल्लो’ म्हटलं की ती अडचणच मिटली. शेजारच्या भाषेची सोय आपल्या बोलीने उचलली, असं बाईंनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, ‘तुम्ही नियमानेच बोलताय. फक्त पेपर तपासणाऱ्याचा नियम उजवीकडचा आहे. पेपरात उजवीकडचं लिहायचं.’ आमच्या तोंडच्या भाषेला नियम असतो, हे त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ऐकलं. माझ्या बाकावरच्या पोराची तर कॉलरच ताठ झाली.

‘मी’ हा शब्द लबाड आहे, हेही त्यांनीच दाखवलं. ‘तो जातो’ आणि ‘त्याने केले’ यांत फरक डोळ्यांना दिसतो. ‘मी जातो’ आणि ‘मी केले’ यांत दिसत नाही, कारण पहिला ‘मी’ प्रथमेतला आणि दुसरा तृतीयेतला, पण दोघांचा चेहरा एकच. जुनी माणसं ‘म्यां केले’ म्हणायची तेव्हा तो फरक ऐकू यायचा. ‘शंका आली की मी काढा आणि तो बसवा,’ हा बाईंचा तोडगा मी अजून वापरतो.

आता तो तावदानाचा प्रसंग. आमच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा, त्याला तो पाठ असेल.

नववीच्या वर्गाची मैदानाकडची खिडकी. मधल्या सुट्टीत काच फुटली आणि पुढचाच तास बाईंचा. त्यांनी खालच्या काचा पाहिल्या, मग आमच्याकडे. ‘काय झालं?’ मॉनिटर उठला. ‘तावदान फुटलं, बाई.’ बाईंनी खडू घेतला आणि लिहिलं: तावदान फुटले. ‘कर्ता?’ ‘तावदान.’ ‘कर्म?’ ‘नाही. अकर्मक.’ ‘अस्सं. म्हणजे तावदानाला कंटाळा आला आणि ते फुटलं.’ वर्ग हसला. ‘दुसरं वाक्य?’ कुणीतरी म्हणालं, ‘चेंडूने तावदान फुटलं.’ ‘तृतीया, करण. साधन सापडलं. हात सापडायचाय.’ आता पोरांना चेव चढला. ‘आमच्याकडून तावदान फोडलं गेलं.’ ‘नवीन कर्मणी. कर्ता आला, पण कडूनच्या आडोशाला उभा आहे. आणि अनेकवचनात आलाय. हात किती होते?’

पुढचं वाक्य माझं. वडील तलाठी, घरात सदैव सरकारी कागद, त्यामुळे मला ते सहज सुचलं: ‘तावदान फोडण्यात आले.’ बाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. ‘तू सरकारी नोकरीत जाणार,’ म्हणाल्या.

मग शेवटच्या बाकावरून तो उठला. नाव लिहीत नाही, कार्यक्रमाला तो येणारच आहे. ‘बाई, मी फोडलो.’

बाईंनी तेही लिहिलं, त्याच्याच शब्दांत. मी तावदान फोडलो. ‘प्रयोग?’ सगळा वर्ग एका आवाजात, ‘कर्तरी!’ ‘क्रियापद कुणाकडे बघतंय?’ ‘त्याच्याकडे!’ ‘बस खाली.’ एवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘फोडलो नव्हे, फोडले.’ बाई म्हणाल्या, ‘सर, तावदानाचे पैसे मी देते. वाक्य त्याचं आहे, ते राहू द्या.’

शब्दांच्या आठ जाती बाईंनी चिठ्ठ्यांवर शिकवल्या. प्रत्येकाच्या छातीवर एक शब्द टाचलेला आणि फळ्यासमोर रांगेत वाक्य उभं करायचं. घोडा झालेल्या मुलाशेजारी ‘ने’ची चिठ्ठी लावलेली मुलगी येऊन उभी राहिली की त्याने आपली चिठ्ठी उलटायची, मागे ‘घोड्या’ लिहिलेलं असे. सामान्यरूप म्हणजे काय, हे एवढ्यावरच डोक्यात बसलं. ‘अरेरे’ची चिठ्ठी ज्याला मिळाली होती त्याने रांगेपासून दूर, दाराशी उभं राहायचं, कारण केवलप्रयोगी अव्ययाचा वाक्याच्या रचनेशी संबंध नसतो. तो बिचारा आजतागायत अरेरे आहे. लग्नपत्रिका द्यायला आला तेव्हा माझ्या आईनेही ‘ये रे अरेऱ्या’ म्हणून त्याला आत घेतलं.

‘गोड’ या शब्दावर मात्र अख्खा तास गेला. गोड आंबा, इथे तो विशेषण. ती गोड गाते, इथे क्रियाविशेषण. मला गोड आवडतं, इथे चक्क नाम. तसंच ‘पुढे’चं: तो पुढे गेला म्हटलं की क्रियाविशेषण, घरापुढे म्हटलं की शब्दयोगी. ‘मग याची जात कोणती?’ आम्ही गोंधळलो. बाई म्हणाल्या, ‘शब्दाला जन्माने जात नसते. वाक्यात तो जे काम करतो ती त्याची जात.’ याच तासाला त्यांनी दादोबा पांडुरंग तर्खडकरांची गोष्ट सांगितली. 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारा हा माणूस पुढे जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांमध्ये होता. पाणवठ्यावर जात विचारली जाण्याचे ते दिवस आपल्या गावातून तेव्हा पुरते गेले नव्हते. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही. खडू ठेवला आणि ‘उद्या उभयान्वयी’ म्हणून निघून गेल्या.

मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ही त्या एकदा वर्गात घेऊन आल्या होत्या. आम्ही ते उघडून पाहिलं आणि आदराने बंद केलं.

वाक्यपृथक्करणाला, म्हणजे वाक्याचे भाग सुटे करून दाखवायला, त्यांना पुस्तकातली वाक्यं लागायची नाहीत. त्यांची एक लांब वही होती, दोन्ही पानं मिळून रकाने आखलेले: उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयपूरक, विधेयविस्तार, विधेय. त्यात एस.टी. स्टँडवरच्या पाट्या, खताच्या पोत्यावरच्या सूचना, लग्नपत्रिका. ‘येथे थुंकू नये’ यात कोणी थुंकू नये, यावर आमचं भांडण जुंपलं होतं. लग्नपत्रिकेतलं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून शुभविवाह करण्याचे योजिले आहे’ हे वाक्य तर बाईंचं लाडकं. एवढा मोठा खर्च करणारा माणूस वाक्यात ‘आमचे येथे’च्या मागे दडून बसतो, म्हणायच्या.

बाई स्वतः शिकल्या त्या जुन्या लेखनाच्या काळात. 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, ते त्या फळ्यावर काटेकोर पाळायच्या, पण वहीत हात जुन्या वळणावर जायचा आणि ‘केलें’, ‘गेलें’वर ठिपके पडायचे. उरलेल्या ठिपक्यांना मात्र जपायच्या. घरात आणि घरांत, एका ठिपक्याने एका घराची अनेक घरं होतात, हे त्यांनी मला शुद्धलेखनाच्या वहीत इतक्या वेळा लिहायला लावलं की आजही मोबाइलवर टंकताना बोट तिथे थांबतं.

बाईंचं भाकीत खरं ठरलं. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नायब तहसीलदार झालो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. शाळेच्या मुलांनी ऐकावं म्हणून सांगतो, फुशारकी म्हणून नव्हे (थोडी आहेच), की माझ्या नस्तीवरच्या, म्हणजे फायलीवरच्या, टिप्पण्या वरिष्ठांनी क्वचितच परत पाठवल्या. सरकारी मराठी ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’, ‘विलंब झाला’ यांवर चालते. माझ्यापुढे असं टिपण आलं की मी समासात बाईंचे दोन शब्द लिहायचो. कार्यालयात मला माझ्या पाठीमागे ‘कर्तासाहेब’ म्हणत, हे मला ठाऊक होतं.

एका जिल्ह्यात गारपिटीनंतरचा अहवाल आला होता, ‘नुकसानीचे पंचनामे करण्यात आले.’ मी विचारलं, कर्ता कुठाय? उत्तरादाखल गावागावांपुढे कर्मचाऱ्यांची नावं लिहायची वेळ आली, तेव्हा काही गावांपुढची जागा कोरीच राहिली. तिथे कुणी गेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणसं पाठवली आणि त्या शेतकऱ्यांची नावं यादीत आली. हे श्रेय माझं नाही. नववीत फुटलेल्या तावदानाचं आहे.

आता थोडं मनातलं बोलतो. पुतण्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. मराठीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला 16 गुण, आणि त्यांचीही गाईडमधून घोकंपट्टी. त्याला म्हटलं, ‘रामाने रावणास मारले’ हा भावे का? म्हणाला, ‘उत्तर भावेच आहे ना, मग झालं.’ कर्त्याला ‘ने’ लागला, कर्माला ‘स’ लागला, क्रियापदाला बघायला कुणी उरलंच नाही, म्हणून ते आपलं नपुंसकलिंगी एकवचनात उभं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. पोरगा हुशार आहे, गुणही पडतील. पण घरी ‘मी केलो’ म्हणाला की त्याची आई, आपल्याच गावची लेक, त्याला गावंढळ म्हणून दटावते. बाईंच्या गावात हे ऐकावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. वर्गांतून मोठे स्क्रीन आले, चांगलंच झालं. त्यांवर डाव्या-उजव्या बाजूला तीन-तीन वाक्यं लिहायला काय हरकत आहे?

समितीला माझी एक सूचना आहे. महोत्सवाच्या दिवशी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे असं कळलं. बाईंची ती वाक्यपृथक्करणाची वही आमच्या तुकडीत अभ्यासाला फिरत होती आणि दहावीच्या निरोप समारंभानंतर ती कुणाकडे राहिली ते कळलं नाही. निळ्या कापडी पाठीची, लांब, पहिल्या पानावर लग्नपत्रिकेचं वाक्य. ज्याच्या माळ्यावर असेल त्याने ती कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी. पोच घ्यावी, आणि पोचपावतीवर ‘वही प्राप्त झाली’ असं लिहून न घेता, कोणी कोणाकडून घेतली ते लिहून घ्यावं.