छोट्या प्लेसर खाणीत जमीन पूर्ववत करण्याचं काम पहिल्या दिवशीच सुरू होतं

अलास्कात ओढ्याकाठी चालणाऱ्या छोट्या प्लेसर खाणीत सोनं खडक फोडून काढत नाहीत. ओढ्याने वाहून आणलेल्या गोट्या-वाळूत ते साठलेलं असतं, बहुतेक वेळा तळखडकाला लागून. वरचा थर बाजूला करायचा, खालची वाळू स्लूस बॉक्सवरून, म्हणजे उतारावर ठेवलेल्या लांब पन्हाळीतून, पाण्याने धुवायची. जड सोनं तिच्या तळाशी आडव्या बसवलेल्या पट्ट्यांत, रिफलमध्ये, अडकतं. म्हणजे इथलं नुकसान मुख्यतः दोन प्रकारचं, गढूळ झालेलं पाणी आणि उसवलेलं खोरं. सरकारी देखरेखही या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

आधी कागद. अलास्कात एकच अर्ज भरला की तो जमीन, पाणी, मासे अशा वेगवेगळ्या खात्यांकडे जातो. वर्षभरात ५ एकरांपेक्षा कमी जमीन उकरणार असाल आणि आधीची पूर्ववत न केलेली जमीन धरूनही आकडा ५ च्या आत राहत असेल, तर हेतुपत्र आणि वर्षाअखेरचं विवरण पुरतं. त्यापुढे मंजूर आराखडा आणि जमीन पूर्ववत करण्याच्या हमीपोटी अनामत. राज्याच्या सामायिक निधीत एकरी ११२.५० डॉलर परत मिळणारी ठेव आणि दरवर्षी ३७.५० डॉलर परत न मिळणारं शुल्क, असा हिशेब असतो. ८ एकरांना पहिल्या वर्षी १२०० डॉलर. जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ताब्यातली असेल तर ५ एकरांची सवलत फक्त शोधकामाला आहे. प्रत्यक्ष खाणकामाला, क्षेत्र कितीही लहान असो, कार्ययोजना लागते. इथे गल्लत करणारे बरेच आहेत.

पाण्याची मर्यादा १९८८ पासून ठरलेली आहे: बाहेर सोडलेल्या पाण्यात खाली बसणारा गाळ लिटरमागे ०.२ मिलिलिटरपेक्षा जास्त नको. तो इमहॉफ शंकूत, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, खुणा केलेल्या पारदर्शक भांड्यात मोजतात. १ लिटर पाणी ओतायचं, ४५ मिनिटं थांबायचं, काठाला चिकटलेला गाळ हलक्या हाताने सोडवायचा, आणखी १५ मिनिटांनी टोकाशी किती जमला ते वाचायचं. पण अगदी बारीक चिकणमाती तासाभरात खाली बसतच नाही. शंकू स्वच्छ दिसतो आणि ओढा मात्र चहासारखा. त्यासाठी गढूळपणाची वेगळी मर्यादा आहे, आणि धुण्याचं पाणी पुन्हा फिरवून वापरण्याची अटही त्यासाठीच. नवं पाणी जितकं कमी घ्याल तितकं बाहेर कमी सोडावं लागतं.

धुण्याचं पाणी ज्यात थांबवून गाळ खाली बसू देतात ती गाळाची तळी फसतात, त्याची कारणं ठरलेली. पाणी एका कोपऱ्यातून येऊन सरळ दुसऱ्या कोपऱ्यातून निघून जातं, मधलं तळं नुसतं उभं. तळ गाळाने भरत जातो आणि उपसा होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बांध गोठलेल्या मातीचा घातलेला असतो. तो जूनमध्ये भक्कम वाटतो, मातीतलं बर्फ वितळलं की आतून ढासळतो.

आता जमीन. वरची शेवाळ-मुळांची गादी आणि काळी माती वेगळी, तिच्याखालचा निरुपयोगी थर वेगळा, धुतलेले गोटे वेगळे, असे ढीग पहिल्या दिवसापासून हवेत. एकदा मिसळलं की पुन्हा वेगळं करता येत नाही, कितीही डिझेल जाळा. ढीग पुराच्या वाटेबाहेर ठेवावेत. भरताना क्रम उलटा: तळाला मोठे गोटे, त्यावर बारीक, सगळ्यात वर माती. उकरलेली वाळू फुगते, त्यामुळे सगळं खड्ड्यात मावत नाही. उरलेलं खोऱ्याच्या कडेला उतार देऊन बसवावं लागतं, हे आराखड्यातच धरा.

खरी परीक्षा ओढ्याची. धुतलेल्या गोट्यांतून बारीक कण निघून गेलेले असतात, म्हणून नव्या पात्रात सोडलेलं पाणी गोट्यांतच मुरून गडप होतं. उपाय जवळच असतो: तळ्यातला सुकलेला गाळ पात्राखालच्या थरात मिसळायचा. तोच गाळ उघड्या गोट्यांवर पसरला तर ओल धरून ठेवतो. पात्राची रुंदी आणि वळणं वरच्या बाजूच्या न उकरलेल्या ओढ्यावरून मोजून घ्यावीत. दोन्ही बाजूंना उंच ढीग आणि मधून सरळ चर काढला, तर पुराला पसरायला जागा उरत नाही. पाणी तळ खरवडत जातं आणि दोन-तीन पुरांत काठ कोसळतात. काठालगत पूरपट्टा खालीच ठेवावा.

झाडं लावण्यावर फार खर्च करण्याची गरज नसते. राज्याचा नियमही जमीन स्थिर हवी आणि झाडोरा आपोआप परतेल इतकी ओल तिथे टिकावी, असाच आहे. पृष्ठभाग गुळगुळीत न करता खडबडीत सोडला तर बी आणि पाणी खळग्यांत थांबतं. काठावर मात्र विलोच्या काड्या खोचाव्यातच. पानं फुटण्याआधी कापलेल्या, सावलीत गार ठेवलेल्या, डोळे वर करून, तीन चतुर्थांश लांबी जमिनीत आणि बुडखा ओलीपर्यंत पोचलेला. कोरड्या गोट्यांत वरवर खोचलेली काडी जुलैतच वाळते.

तपासनीस वर्षातून फार वेळा येत नाहीत. म्हणून खाण उघडण्याआधी, मधे आणि नंतर एकाच खुणेवरून, त्याच दिशेने फोटो काढून ठेवावेत आणि विवरणासोबत जोडावेत. तारीख आणि एकरांचा आकडा फोटोवरच लिहावा.