सीझनला एवढी गर्दी, तरी दुकानं बंद का पडतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पर्यटनाच्या गावातलं छोटं दुकान बहुतेक वेळा गिऱ्हाईक नाही म्हणून बुडत नाही. त्याचं बुडणं सुरू होतं सीझनच्या शेवटच्या महिन्यात, गल्ला भरलेला असताना.

सीझन 4 महिन्यांचा, भाडं आणि हप्ते 12 महिन्यांचे. म्हणजे सीझनच्या एकेका महिन्यानं तीन-तीन महिन्यांचा खर्च काढायचा असतो. गल्ला भरलेला दिसला की हे विसरायला होतं आणि त्याच भरात शेवटची मोठी खरेदी होते.

खरी मेख त्या खरेदीत आहे. 60 ला घेतलेली वस्तू 100 ला विकायची आणि असे 100 नग आणले, तर पहिले 60 नग विकून फक्त मुद्दल सुटतं. नफा उरलेल्या 40 नगांत. त्यातले 30 पडून राहिले, तर हाती नफा येतो तो 10 नगांच्या विक्रीएवढाच. बाकीचा फळीवर अडकतो. मग घाईनं 20 टक्के सूट दिली की नगामागची कमाई 40 वरून 20 वर येते. आधीइतकंच कमवायला दुप्पट नग विकावे लागतात, आणि गिऱ्हाईक तर परतीच्या वाटेला लागलेलं असतं. त्यात पावसानं एखादा शनिवार-रविवार गेला, तर तो भरून निघत नाही. न आलेला पर्यटक पुढच्या आठवड्यात दुप्पट खरेदी करायला येत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: सीझन संपायच्या महिनाभर आधी मोठी खरेदी थांबवा. चार वस्तू संपल्या म्हणून गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ द्या. माल यायला 10 दिवस लागत असतील, तर 10 दिवसांची विक्री अधिक थोडी शिल्लक, एवढाच साठा ठेवा. न विकलेला माल परत घेणारा व्यापारी जरा महाग पडला तरी परवडतो. पुढच्या महिन्यांचं भाडं रोजच्या गल्ल्यातून वेगळ्या खात्यात टाका, महिनाअखेरीस उरेल त्यातून नको. जागामालकाशी करार करतानाच सीझनला जास्त आणि एरवी कमी भाडं मागून बघा. वर्षाची रक्कम तीच राहत असेल, तर पुष्कळ जण तयार होतात.

गावातली माणसं मात्र गर्दीच्या दिवसांत ताटकळत ठेवू नका. रिकाम्या महिन्यांत दुकानाची पायरी तीच चढतात, आणि त्यांना लागणाऱ्या रोजच्या वस्तूंसाठी एक फळी बाराही महिने राखून ठेवावी लागते.